ज्ञानेंद्रियांच्या तक्त्याला वय नाही

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर जे तक्ते हमखास आढळतात, त्यांत ‘आपली ज्ञानेंद्रिये’ हा एक असतो. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांची पाच चित्रे आणि प्रत्येकाखाली एक वाक्य. डोळ्यांनी आपण पाहतो, कानांनी ऐकतो, नाकाने वास घेतो, जिभेने चव घेतो, त्वचेने स्पर्श जाणतो. कोपऱ्यात बहुधा जिभेची एक मोठी आकृती असते आणि तिच्यावर चवींची वाटणी केलेली असते. शेंड्यावर गोड, दोन्ही कडांना खारट व आंबट, मुळाशी कडू.

पुस्तकांची परीक्षणे होतात, तक्त्यांची होत नाहीत. वास्तविक पुस्तकातला धडा मूल आठवडाभर वाचते, तक्ता मात्र वर्षभर त्याच्या नजरेसमोर असतो. त्यामुळे या तक्त्याचे परीक्षण करावे असे अनेक दिवस मनात होते. काटोलला शिक्षकांच्या एका शिबिरात त्याला निमित्त मिळाले.

मृग बहराची संत्री बाजारात आलेली होती. काटोलमध्ये प्रयोगाचे साहित्य शोधण्याची गरज पडत नाही. प्रत्येकाला संत्र्याची एक फोड दिली, डोळे मिटायला आणि नाक चिमटीत धरायला सांगितले. फोड चावल्यावर कसे लागते? ‘आंबटगोड’ याखेरीज कोणालाच काही सांगता आले नाही. मग नाक सोडायला सांगितले आणि क्षणात ‘संत्रे’ तोंडात अवतरले! संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसांनाही संत्र्याचे संत्रेपण बव्हंशी नाकातून कळते, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. तोंडातला वास घशामागून वर नाकात जातो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. २०२०-२१ मध्ये कोविडच्या साथीत अनेकांनी ‘तोंडाची चव गेली’ अशी तक्रार केली. त्यांतील बऱ्याच जणांचा गेला होता तो वास.

दुपारी शेजारच्या वर्गातील काही मुले आली. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, तो साखरेच्या पाण्यात बुडवून, जिभेवर वेगवेगळ्या जागी टेकवायचा आणि कोठे गोड लागते ते वहीत लिहायचे, असा प्रयोग होता. पाचवीतली एक मुलगी जिभेच्या कडेलाही गोड लागते असे मैत्रिणीला सांगत होती. वहीत मात्र तिने ‘फक्त शेंड्यावर’ असे लिहिले. कारण विचारले तर म्हणाली, ‘‘तक्त्यात तसं आहे ना, सर.’’

ज्ञानेंद्रियांच्या पाठातून ती मुलगी स्वतःच्या जिभेवर अविश्वास दाखवायला शिकली होती. तक्त्यातील चुकीची माहिती दुरुस्त करता येते. ही शिकवण दुरुस्त करणे अवघड आहे.

जिभेचा नकाशा कोठून आला?

१९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेवर निरनिराळ्या ठिकाणी चवीचे द्रावण लावून, किती कमी प्रमाणात चव ओळखता येते हे मोजले. त्याला जागोजागी थोडाथोडा फरक आढळला. चारही चवी सगळीकडेच लागत होत्या. कोठे किंचित लवकर, कोठे किंचित उशिरा, एवढेच. पुढे १९४२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात ही माहिती आलेखरूपाने दिली. त्या आलेखातून फरक किती लहान आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. वाचणाऱ्यांनी ‘येथे जास्त, तेथे कमी’ याचा अर्थ ‘येथे आहे, तेथे नाही’ असा घेतला आणि जिभेचा नकाशा तयार झाला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी ही मोजमापे पुन्हा घेतली. फरक आहेत, पण नगण्य आहेत, हेच त्यांनाही आढळले. तरीही नकाशा छापला जातच राहिला.

हा नकाशा खोटा ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही, चिमूटभर साखर पुरते. जे विधान कोणतेही मूल पाच मिनिटांत तपासू शकते ते इतकी वर्षे न तपासता छापले गेले, ही गोष्ट जिभेपेक्षा आपल्या शिकवण्याविषयी अधिक सांगते.

पाच कशावरून?

तक्त्याचा दुसरा दोष संख्येचा आहे. डोळे मिटून, हात पाठीमागे नेऊन दोन तर्जन्यांची टोके एकमेकींना टेकवून पाहा. बहुतेकांना हे थोड्या फरकाने जमते. बोट कोठे आहे हे डोळ्यांनी दिसले नाही, कानांनी ऐकू आले नाही आणि टेकेपर्यंत त्वचेलाही कळले नाही. स्नायू, स्नायुबंध आणि सांधे यांत असलेले ग्राही अवयवांची स्थिती मेंदूला सतत कळवत असतात. फुगडी खेळून थांबल्यावर जग गरगरते, ते आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आणखी थोडा वेळ हलत राहतो म्हणून. म्हणजे कान केवळ ऐकण्याचे इंद्रिय नाही, तोल सांभाळण्याचेही आहे. भूक, तहान, लघवीची भावना या तर शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना.

‘त्वचेने स्पर्श’ या दोन शब्दांत तर किती गोष्टी कोंबल्या आहेत! दाब, कंप, उष्णता, थंडी आणि वेदना यांचे ग्राही वेगवेगळे आहेत. आपल्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. तिचा तिखटपणा ही शास्त्रीय अर्थाने चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य, सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर जागे होणाऱ्या उष्णतेच्या ग्राहींनाच चेतवते. म्हणून मिरचीने तोंड ‘भाजते’, आणि मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर जिभेशिवायही झोंबतो. हे ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखले गेले. या कामासाठी त्यांना, आणि दाबाचे ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना, २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाच ही संख्या आपल्या परंपरेतूनच आली, असे कोणी म्हणेल. परंतु सांख्यांच्या गणनेत पाच ज्ञानेंद्रिये आणि पाच कर्मेंद्रिये यांच्या जोडीला मन हे अकरावे इंद्रिय आहे. तक्त्याने पहिली पाच घेतली आणि अकरावे गाळले. आजच्या भाषेत सांगायचे तर, तक्त्यात मेंदू नाही.

पाहणे शिकावे लागते

येथे तक्त्याचा मुख्य दोष येतो. ‘डोळ्यांनी आपण पाहतो’ या वाक्यातून असा समज होतो की निरोगी डोळा असला म्हणजे दिसतेच, आणि जन्मल्या दिवसापासून सारखेच दिसते. तक्त्यातला डोळा कोणाचा आहे? तान्ह्या मुलाचा, दहा वर्षांच्या मुलीचा, की तिच्या आजीचा? तक्त्याला वय नाही. ज्ञानेंद्रियांना मात्र वय असते.

सुरुवात आईच्या पोटातच होते. गर्भ सहा-सात महिन्यांचा होईतो कान काम करू लागलेले असतात. जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच बाळ इतर बाईच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाला पसंती देते, असे डिकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवले. आईच्या आहारातील स्वाद गर्भजलात उतरतात आणि बाळ त्यांच्याशीही परिचित होते. डोळे मात्र जन्माच्या वेळी मागे असतात. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. पदराआड घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो.

पुढच्या काही महिन्यांत जे घडते ते आपल्या भाषेच्या संदर्भात मोठे उद्बोधक आहे. ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक आपल्याला इतका उघड वाटतो की इंग्रजी माणसाला तो का ऐकू येत नाही याचे नवल वाटते. १९८४ साली कॅनडातील वर्कर आणि टीज यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील हे दोन ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. कान तेच होते, त्यात काही बिघाड नव्हता. घरात जो फरक उपयोगाचा नाही त्याकडे लक्ष देणे मेंदूने सोडून दिले होते. आपण जे ऐकतो ते अशा रीतीने काही कमावून आणि काही गमावून घडलेले असते.

डोळ्यांच्या बाबतीत हेच ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग करून सिद्ध केले. पहिल्या काही महिन्यांत पिलाचा एक डोळा मिटलेला ठेवून नंतर उघडला तर डोळा निरोगी असूनही त्याला जवळजवळ दिसत नसे. मेंदूतील ज्या पेशींनी त्या डोळ्याचे संदेश घ्यायचे, त्या दुसऱ्या डोळ्याच्या कामी लागलेल्या असत. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून अधिक काळ मिटून ठेवला तरी असे होत नसे. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काळ्या मातीत शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बी चांगले आहे, जमीन चांगली आहे, पण वाफसा निघून गेल्यावर पेरले तर उगवण साधत नाही. मेंदूलाही असा वाफसा असतो.

वर्गातला वाफसा

आता हे केवळ प्रयोगशाळेतले ज्ञान उरत नाही. शंभरातील एक ते तीन मुलांमध्ये ‘आळशी डोळा’ हा दोष आढळतो. तिरळेपणामुळे, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असल्यामुळे, मेंदू एका डोळ्याचे चित्र बाजूला टाकतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे काम भागत असते. डोळा बाहेरून ठीक दिसतो. सात-आठ वर्षांच्या आत चश्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी एवढ्या साध्या उपायांनी सर्वांत चांगला गुण येतो. पुढे किशोरवयातही काहींना फायदा होतो, पण खात्री कमी होत जाते. म्हणजे हा वाफसा नेमका बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्षांत येतो. मूल त्या काळात रोज कोणासमोर बसलेले असते? आपल्यासमोर.

कानांचेही तसेच आहे. जगभर दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना लक्षणीय बहिरेपणा असतो. तो पहिल्या महिन्यात तपासावा, तिसऱ्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे, कारण भाषेची पायाभरणी तेव्हाच चालू असते. शाळेच्या वयात कान वाहणे, कानात पाणी साचणे या कारणांनी थोडे कमी ऐकू येणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांना हाक ऐकू येते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे दुबळे ध्वनी निसटत असतील, तर मागच्या बाकावर श्रुतलेखन चुकते आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो.

‘कानाने ऐकतो’ एवढेच शिकलेल्या शिक्षकाला हा शेरा लिहिताना काही खटकत नाही, कारण कान तर जागेवर आहेत! ज्याला ठाऊक आहे की कान असणे निराळे आणि ऐकू येणे निराळे, तो शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवून पाहील. फळ्यावरचे न उतरवता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल, मान वाकडी करून वाचणारे मूल, ‘काय?’ असे वारंवार विचारणारे मूल त्याच्या नजरेत भरेल. एका वेळी एक डोळा झाकून सहा मीटरवरचा अक्षरतक्ता वाचायला लावण्यास काहीच खर्च येत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या तपासणीत मात्र आळशी डोळा सापडत नाही.

या कामात शिक्षक एकटा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू. त्यात जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिदोष, जन्मजात बहिरेपणा व कानाचे विकार यांचा समावेश आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, आणि संशयित मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवावे, अशी योजना आहे. पथक येते त्या दिवशी शेकडो मुले रांगेत असतात. ‘या चौघांकडे जरा नीट पाहा’ असे सांगणारा शिक्षक तेथे उभा असेल तर त्या तपासणीचे मोल वाढते.

वाफसा गेला म्हणजे सारे संपले, असेही नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पवन सिन्हा यांनी २००५ च्या सुमारास भारतात ‘प्रकाश’ हा प्रकल्प सुरू केला. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या आणि उपचारांवाचून वाढलेल्या मुलांवर त्यात शस्त्रक्रिया होतात. हाताने चाचपलेली वस्तू दृष्टी येताच केवळ पाहून ओळखता येईल का, हा मॉलिन्यू यांचा १६८८ सालचा प्रश्न. २०११ साली सिन्हा आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले: लगेच ओळखता येत नाही, पण काही दिवसांत येऊ लागते. या मुलांची दृष्टी पूर्णपणे इतरांसारखी होत नाही, तरी मेंदू शिकणे थांबवत नाही. तेव्हा उशिरा सापडलेल्या मुलालाही ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवू नये.

उतरण, आणि न उतरणारे काही

पुढचे वय मराठीने केव्हाच ओळखले आहे. वाचायच्या चश्म्याला ‘चाळिशी’ म्हणणारी भाषा आपली! नेत्रमणी वयाबरोबर ताठर होत जातो. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवरची अक्षरे स्पष्ट दिसतात. चाळिशीत हे अंतर वीस-बावीस सेंटिमीटर होते, साठीत जवळपास मीटरभर. शिवाय बाहुली लहान होते व नेत्रमणी पिवळसर होतो. साठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. आजोबा दिवा मोठा करायला सांगतात ते उगाच नव्हे.

कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक बाजूस अवघ्या पंधरा-सोळा हजार असतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम जातात त्या तीक्ष्ण स्वरांच्या. वय त्यांना मारते, तसा गोंगाटही मारतो. जिनिंगच्या यंत्रांशेजारी वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे आणि डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मुलाचे नुकसान एकाच जातीचे आहे. उलट स्वादकलिकांतील पेशी साधारण दोन आठवड्यांत बदलतात, आणि वास टिपणाऱ्या चेतापेशीही पुन्हा तयार होत असतात. तरी उतारवयात वासाची जाण कमी होते. ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक माणसांत ती लक्षणीय कमी झालेली असते, असे डॉटी यांनी १९८४ साली दाखवले. म्हणून आजीला गॅसचा वास आला नाही तर तो तिचा निष्काळजीपणा समजू नये. ‘भाजीला मीठच नाही’ ही तक्रारही याच दृष्टीने ऐकावी.

पण ही केवळ झीज नाही. संत्र्यांची प्रतवारी करणारी बाई फळ हातात घेताच त्याचा दर्जा सांगते. तिच्या बोटांतले ग्राही तरुण मुलीइतके तल्लख नसतील, मात्र फळे हाताळण्याचा इतक्या वर्षांचा अभ्यास तिच्या मेंदूत आहे. इंद्रिये थकत असताना जाण वाढत राहते, हेही तक्त्यात कोठे यायला हवे.

मग तक्ता उतरवायचा का?

तक्त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो स्वस्त आहे, अवयवांची नावे शिकवतो, आणि लहान मुलांसाठी सोपे करून सांगावेच लागते. पण सोपे आणि चुकीचे यांत अंतर आहे. ‘जिभेवर सगळीकडे चव कळते’ हे वाक्य जिभेच्या नकाशापेक्षा अधिक सोपे आहे!

माझी सूचना अशी. तक्ता राहू द्यावा आणि ‘यातले काय खरे, ते तपासा’ असे मुलांना सांगावे. शेजारी एक कोरा कागद लावावा. त्यावर एक आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकाला जन्म, उजव्या टोकाला ऐंशी वर्षे. मुलांनी घरी जाऊन, पट्टी घेऊन, धाकट्या भावापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला वर्तमानपत्र किती जवळ आणल्यावर अक्षरे पुसट होतात ते मोजावे. लांबचे दिसण्याचा चश्मा असल्यास तो घालून आणि वाचायचा असल्यास काढून. ते अंतर वयासमोर बिंदूने मांडावे.

काटोलच्या शिबिरात शेवटच्या दिवशी आम्ही हे केले. बिंदू जोडल्यावर रेघ चाळिशीच्या पुढे झपाट्याने वर चढली. त्या चढावर एक बिंदू माझाही होता. खाली डावीकडे, दहा वर्षांच्या मुलांच्या घोळक्यापासून बराच वर, एकच बिंदू एकटा पडला होता. शिक्षकांनी तो मुलगा पुन्हा बोलावला आणि दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले. उजव्या डोळ्याने त्याला अक्षरतक्त्यावरच्या वरच्या दोन ओळीच वाचता आल्या. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहिली गेली.

पाच वर्षे तो मुलगा त्या तक्त्यासमोर बसत होता.